हवा काढली तरी घर्षण तेवढंच

शाळा-कॉलेजात दोन प्रयोग वेगवेगळ्या धड्यांत भेटतात. हवा उपसलेल्या काचेच्या नळीत नाणं आणि पीस बरोबरच तळाला पोचतात. दुसरीकडे, ग्लिसरीनमध्ये सोडलेला छर्रा थोडं अंतर गेला की एकाच वेगाने खाली सरकत राहतो. पडणाऱ्या वस्तूला हवाही अडवते आणि ग्लिसरीनही, पण ही अडवणूक एकाच जातीची नाही.

पहिल्या जातीचा हिशेब न्यूटनने मांडला. जून १७१० मध्ये लंडनच्या सेंट पॉल कॅथेड्रलमध्ये २२० फुटांवरून काचेचे गोळे सोडले गेले. पारा भरलेले ४ सेकंदांत खाली आले, नुसती हवा भरलेल्यांना सुमारे ८ लागले. गोळा वाटेतली हवा ढकलत जातो, म्हणून हा अवरोध हवेच्या घनतेवर आणि वेगाच्या वर्गावर ठरतो.

ग्लिसरीनमधला छर्रा मात्र भौतिकशास्त्रज्ञ स्टोक्सच्या १८५१ च्या सूत्राने चालतो. गंमत म्हणजे स्टोक्सच्या डोक्यात छर्रा नव्हताच. त्याला हवेत झुलणाऱ्या लंबकाची दुरुस्ती काढायची होती. त्याच्या सूत्रात घनतेला जागा नाही. आहे ती श्यानता, म्हणजे थरांचं एकमेकांवरचं घासणं, आणि वेगाचा पहिलाच घात.

मग वायूचा दाब कमी केला तर हे घासणंही कमी होईल? कोणीही ‘हो’ म्हणेल. १८६० मध्ये भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलच्या गणिताने ‘नाही’ म्हटलं: रेणू कमी झाले, तरी प्रत्येक रेणू धडकण्याआधी त्याच प्रमाणात जास्त लांब जातो, आणि हिशेब फिटतो. हे उत्तर खुद्द मॅक्सवेललाही अनपेक्षित होतं. लंडनमधल्या घराच्या माळ्यावर त्याने बंद भांड्यात काचेच्या तबकड्या झुलवून ते तपासलं. तापमान सांभाळायला पत्नी कॅथरीन शेगडी पेटती ठेवायची. १८६६ मध्ये निकाल छापून आला: दाब ३० इंच पाऱ्यावरून, म्हणजे हवेच्या नेहमीच्या दाबावरून, अर्ध्या इंचावर आणला तरी घर्षण जवळपास तेच. माझ्या मते वायूंच्या रेणूसिद्धांताला इतका भक्कम पुरावा तोवर मिळाला नव्हता.

हवा फारच विरळ झाली, किंवा थेंब अगदी बारीक असला, की मात्र हा नियम डळमळतो. इलेक्ट्रॉनचा विद्युतभार मोजताना भौतिकशास्त्रज्ञ मिलिकनला तेलाच्या थेंबांसाठी स्टोक्सच्या सूत्रात दाबानुसार दुरुस्ती करावी लागली. तरी १९१३ चा त्याचा आकडा किंचित कमीच निघाला, कारण हवेची श्यानताच त्याने जराशी कमी धरली होती.