तेच ते प्रश्न (ऑनलाइन समूहांतील)

ऑनलाइन समूहात नव्याने आलेल्या माणसांकडून वारंवार विचारले जाणारे आणि जुन्या सदस्यांना एव्हाना पाठ झालेले प्रश्न, तसेच ते हाताळण्याच्या रीती. लोकलचा व्हॉट्सॲप ग्रुप, सोसायटीचा ग्रुप, अकरावीच्या पालकांचा ग्रुप, मराठी संकेतस्थळावरचा धागा, विकिपीडियाची चावडी. जिथे माणसांची ये-जा आहे तिथे हे प्रश्न येतातच. विचारणारा दर वेळी नवा असतो आणि उत्तर देणारे बहुधा तेच चार-पाच जण असतात. त्यामुळे ज्याने आयुष्यात पहिल्यांदाच विचारले त्याला विसाव्यांदा विचारल्याची बोलणी बसतात.

मुंबईला याचा सराव इंटरनेटच्या फार आधीपासून आहे. संध्याकाळी दादरच्या फलाटावर गाडी शिरत असताना कोणी तरी विचारतोच, ‘दादा, ही ठाणा फास्ट का?’ शेजारचा मान न वळवता सांगतो, ‘अंबरनाथ आहे. ठाण्याला थांबते. चढा.’ एवढ्याशा उत्तरात विचारलेले सांगून झाले, न विचारलेले पण हवे असलेलेही सांगून झाले, आणि आता काय करायचे तेही. डोक्यावर इंडिकेटर लटकत असतो, सगळे त्यावर लिहिलेले असते. तरी ‘इंडिकेटर वाचता येत नाही का?’ असे सहसा कोणी म्हणत नाही, कारण तोवर गाडी सुटेल. ऑनलाइन समूहात गाडी सुटत नाही, म्हणून उपदेशाला वेळ मिळतो.

या प्रश्नांची पहिली लेखी सोय आर्पानेटवर, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वसुरी जाळ्यावर झाली. १९८०च्या दशकाच्या पूर्वार्धात नासामधील युजीन मिया यांनी अंतराळविषयक मेलिंग लिस्टवर नेहमीच्या प्रश्नांची उत्तरे एकत्र करून ती ठरावीक काळाने पाठवायला सुरुवात केली. ‘एफएक्यू’ (फ्रीक्वेन्टली आस्क्ड क्वेश्चन्स, म्हणजे वारंवार विचारले जाणारे प्रश्न) हे नाव तिथून रूढ झाले. पुढे युजनेटच्या चर्चागटांत अशी यादी असणे हा शिरस्ताच झाला. अमेरिकी विद्यापीठांत दर सप्टेंबरला नव्या विद्यार्थ्यांना खाती मिळत, काही आठवडे त्याच त्या प्रश्नांचा भडिमार होई, मग मुले रुळत आणि गट शांत होत. १९९३-९४च्या सुमारास एओएलसारख्या घरोघरी ऑनलाइन सेवा देणाऱ्या कंपन्यांनी आपल्या ग्राहकांना युजनेट खुले केले आणि नवख्यांचा ओघ थांबेनासा झाला. जुन्या मंडळींनी त्याला ‘कायमचा सप्टेंबर’ म्हटले. विदेश संचार निगम या सरकारी कंपनीने मुंबईसह महानगरांत सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, म्हणजे इथला पहिला नवखा आत आला तोच त्या न संपणाऱ्या सप्टेंबरात. त्याच वर्षी ऑक्टोबरात प्रसिद्ध झालेल्या आरएफसी १८५५ या नेटवरच्या शिष्टाचारांच्या मार्गदर्शिकेत सल्ला आहे की काही लिहिण्याआधी एक-दोन महिने नुसते वाचत राहा. मराठी संकेतस्थळांवर अशा माणसाला ‘वाचनमात्र’ म्हणतात. १९९६ मध्ये सुरू झालेल्या मायबोलीपासून पुढे कितीतरी जणांचा पहिला प्रतिसाद ‘इतके दिवस वाचनमात्र होतो’ असाच सुरू झालेला दिसेल. सल्ला चांगला आहे. पण ज्याला उद्या सकाळी साडेसातला अंधेरी गाठायची आहे त्याने दोन महिने वाचायचे कधी?

मुंबईचा सप्टेंबर मे-जूनमध्ये येतो. दहावीचा निकाल लागला की अकरावीच्या प्रवेशाचे ग्रुप भरतात. मुंबई महानगर क्षेत्रात हे प्रवेश २००९ पासून ऑनलाइन होतात. २०२५-२६ पासून ही पद्धत राज्यभर लागू झाली. या ग्रुपांची अडचण निराळी आहे : इथे जुने कोणी उरतच नाही. गेल्या वर्षीच्या पालकांचे काम झाले की ते ग्रुप सोडून जातात आणि सगळी तुकडी नवी कोरी येते. ‘इनहाऊस कोटा म्हणजे काय?’, ‘दुसऱ्या फेरीत कट-ऑफ उतरतो का?’ आणि सगळ्यांत धास्तीचा प्रश्न, ‘पहिल्या पसंतीचे कॉलेज लागले, पण आता नको वाटतेय, तर काय?’ या शेवटच्याचे उत्तर वर्षानुवर्षे कडक राहिले आहे. पहिली पसंती मिळाली की प्रवेश घ्यावा लागतो. नाही घेतला तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून नाव बाहेर. हे कळण्याची वेळ पसंतीक्रम भरण्याआधीची असते, प्रश्न मात्र यादी लागल्यावर येतो. अशा ग्रुपचा जाणता ॲडमिन प्रश्नाची वाट पाहत नाही. फॉर्मचा दुसरा, पसंतीक्रमाचा भाग उघडला त्याच दिवशी तो हे उत्तर टाकून मोकळा होतो, आणि आपले मूल कॉलेजात गेल्यावरही वर्षभर ग्रुपमध्ये थांबतो. अशा थांबणाऱ्या दोन-तीन माणसांवर अख्खा ग्रुप तरतो.

प्रश्न पुन्हा येतो त्याला आळस हे कारण सर्रास दिले जाते. ते अन्यायाचे आहे. व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये नव्याने आलेल्याला त्याच्या आधीचे मेसेज आपोआप दिसत नाहीत. त्याला ‘वर वाचा’ म्हणणे म्हणजे बंद दाराकडे बोट दाखवणे. त्याच्या ‘वर’ काहीच नसते. टेलिग्रामवर किंवा संकेतस्थळावर जुने दिसते, पण शोधायचे तर शब्द माहीत हवा. दुरुस्तीसाठी गाड्या थांबवण्याचा मध्य रेल्वेचा रविवारचा ‘मेगाब्लॉक’ आणि पश्चिम रेल्वेचा ‘जम्बोब्लॉक’ हे शब्द मुंबईत रुळलेल्यालाच ठाऊक. नागपूरहून किंवा लातूरहून आलेली मुलगी ‘रविवारी गाड्या बंद’ असेच शोधणार, आणि तिला काही सापडणार नाही.

मराठीत त्यावर आणखी एक गुंता आहे, तो जवळून पाहण्यासारखा आहे. ‘ॲप’ हा शब्द घ्या. ‘ॲ’ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये आले २००८ साली, ५.१ या आवृत्तीत. त्याआधी लोक ‘अ’ टंकून त्यावर चंद्र चढवत, आणि काही कीबोर्डांवर आजही तसेच उमटते. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसते, यंत्राला मात्र ती दोन वेगळी अक्षरे वाटतात. तीच गत ‘पायऱ्या’मधल्या अर्ध्या ‘र’ची, तोही दोन तऱ्हांनी साठवला जातो. त्यात बरेच लोक मराठी रोमन लिपीत लिहितात. म्हणजे शोधणाऱ्याने प्रामाणिकपणे शोधले, उत्तर तिथे होते, तरीही सापडले नाही. ‘आधी शोधून विचारा’ असे दरडावण्याआधी एवढे लक्षात घ्यावे. ‘ॲ कसा टंकायचा?’ हा स्वतःच मराठी समूहांतला सर्वांत जुन्या प्रश्नांपैकी एक आहे, आणि त्याचे उत्तर शोधायला तोच ॲ टंकता यावा लागतो.

उत्तर देण्याची मुरलेली रीत अशी : उत्तर आधी, ठिकाण नंतर. ‘रविवारी ब्लॉक आहे, सकाळी दहाच्या आत निघा, दर आठवड्याची वेळ ग्रुपच्या माहितीत टाकलेली असते.’ नुसते ठिकाण दाखवले तर झिडकारल्यासारखे वाटते, नुसते उत्तर दिले तर पुढच्या रविवारी तोच माणूस पुन्हा दारात. इंग्रजी विकिपीडियावर ‘नवख्यांना चावू नका’ असे मार्गदर्शक तत्त्वच आहे. २००८ मध्ये सुरू झालेल्या स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरस्थळाने उलट वाट धरली : आधी येऊन गेलेला प्रश्न ‘डुप्लिकेट’ ठरवून बंद करायचा आणि जुन्याशी जोडायचा. त्यातून उत्तम संग्रह उभा राहिला, पण २०१८ मध्ये कंपनीनेच जाहीर कबुली दिली की नवख्यांना इथे आपलेपणा वाटत नाही. बंद केलेला प्रश्न संग्रहासाठी वाटाड्या ठरतो, विचारणाऱ्यासाठी मात्र तो तोंडावर लावलेला दरवाजा असतो. दोन्ही खरे आहे, आणि पुढचे वाक्य कसे लिहिले जाते त्यावर नवखा टिकतो की जातो हे ठरते.

पिन करणे हा व्हॉट्सॲपवरचा सोपा उपाय, पण तिथे एका वेळी तीनच मेसेज पिन होतात आणि पिन जास्तीत जास्त ३० दिवस राहते. कायमची उत्तरे ग्रुपच्या माहितीतच ठेवावीत. तीही थोडी. चाळीस कलमी नियमावली कोणी वाचत नाही. नवखा पहिल्या आठवड्यात जे पाच-सहा प्रश्न विचारतो तेवढेच, त्याच्याच शब्दांत लिहिलेले असावेत. ‘पाणीपुरवठ्याची वेळ’ असे मथळे सोसायटीच्या सूचनाफलकाला शोभतात. नवा भाडेकरू ‘पाणी किती वाजता येतं?’ असेच विचारतो, तर मथळाही तोच हवा.

मात्र सगळे प्रश्न लिहून ठेवून मिटत नाहीत. ‘गाडी लेट आहे का?’ हा प्रश्न रोज तोच, उत्तर रोज वेगळे. त्याला पुनरावृत्ती म्हणणेच चूक, लोकलचे ग्रुप त्याच्यासाठी तर असतात. चॅटबॉटकडेही त्याचे उत्तर नसते, ते डोंबिवलीच्या फलाटावर उभ्या असलेल्याकडेच असते. काही उत्तरांत छापील माहितीपलीकडचे शहाणपण लागते. ‘विरार फास्ट बोरिवलीला थांबते का?’ वेळापत्रक म्हणेल, थांबते. जुना प्रवासी म्हणेल, थांबते, पण संध्याकाळच्या गर्दीत बोरिवलीसाठी विरार गाडी पकडू नका. दारातली विरारची माणसे बोलतील आणि उतरताना दम निघेल, बोरिवलीचीच गाडी घ्या. आणि काही प्रश्नांच्या पोटात भीती असते. ‘मुलगी पहिल्यांदाच मुंबईत येतेय, राहायला कुठला भाग बरा?’ हे विचारणाऱ्या आईला ‘याआधी चर्चा झाली आहे, धागा पाहा’ असे सांगणे निष्ठुरपणाचे आहे. तिला भागांची यादी नकोच असते. कॉलेज कुठे, स्टेशन जवळ हवे का, असे दोन प्रश्न उलट विचारले की ती मोकळेपणाने बोलू लागते. ट्रेकिंगच्या ग्रुपमध्येही हेच. ‘आसनगावला उतरून माहुली किल्ल्यावर कसे जायचे?’ हा जुलैतला प्रश्न रिक्षाच्या माहितीने संपत नाही. ‘पहिल्यांदाच जाताय का? बरोबर कोण आहे?’ हे विचारल्याशिवाय रस्ता सांगू नये.

उत्तर देणारी माणसे थकतात, हेही खरे. थकलेल्याने त्या दिवशी गप्प बसावे, दुसरा कोणी सांगेल. सहा महिन्यांपूर्वी ज्याने तेच विचारले होते त्याच्याकडून येणारे उत्तर पुष्कळदा सर्वांत चांगले असते, कारण आपल्याला नेमके काय कळले नव्हते हे त्याला अजून आठवते.

लिहून ठेवलेल्या उत्तराखाली तारीख नसणे हा दोष मात्र फार आढळतो, आणि शहर बदलत राहते म्हणून तो महागात पडतो. एल्फिन्स्टन रोड स्थानक जुलै २०१८ पासून प्रभादेवी झाले. त्याआधीच्या सगळ्या उत्तरांत जुनेच नाव आहे. दादरला ९ डिसेंबर २०२३ पासून मध्य रेल्वेच्या फलाटांना ८ ते १४ क्रमांक मिळाले आणि १ ते ७ पश्चिम रेल्वेकडे राहिले. ‘दादरला एक नंबरवर या, तिथून ठाण्याची स्लो मिळेल’ हे २०२२ मध्ये बरोबर असलेले उत्तर वाचून आज कोणी निघाला, तर तो पश्चिम रेल्वेच्या फलाटावर ठाण्याच्या गाडीची वाट पाहत उभा राहील.