ठिबकचं अनुदान हवंय? मग पाइप आधी उचलू नका

शिरोळकडच्या काळ्या रानात उन्हाळ्यात सरीच्या माथ्यावर पांढरं मीठ फुटलेलं दिसतं. सरी बुडवून दिलेलं पाणी खाली साचतं, भूजल वर चढतं आणि क्षार मुळांपाशी येऊन बसतात. नदीपासून लांबच्या माळावर उलटं, तिथं उन्हाळा लागला की बोअरचं पाणी थांबून थांबून येतं. दोन्हीकडं उसाला पाणी मोजूनच द्यायला हवं.

‘प्रति थेंब अधिक पीक’ योजनेत २ हेक्टरपर्यंतच्या अल्प व अत्यल्प भूधारकांना ठिबक संचावर ५५ टक्के, इतरांना ४५ टक्के अनुदान आहे. राज्याची पूरक मदत धरली की ते ८० आणि ७५ टक्क्यांपर्यंत जातं. मर्यादा ५ हेक्टरची. मात्र हे टक्के डीलरच्या कोटेशनवर नव्हे, शासनानं ठरवून दिलेल्या खर्चावर, म्हणजे मापदंडावर धरतात आणि मापदंड दोन ओळींतल्या अंतरावर ठरतो. चार फुटी सरी की पट्टा पद्धत (दोन ओळी जवळ, मग मोकळा पट्टा), हे घरात ठरवूनच अर्जाला बसा.

अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर, फार्मर आयडीनं म्हणजे शेतकरी ओळख क्रमांकानं. स्वतः भरा किंवा गावातल्या सेवा केंद्रातून. ‘सिंचन साधने व सुविधा’ निवडून पीक, क्षेत्र, अंतर भरायचं.

सातबारा, आठ-अ, आधार जोडलेलं बँक खातं आणि लागू असेल तर जातीचा दाखला जवळ ठेवा. सातबाऱ्यावर विहीर किंवा बोअरची नोंद आहे का बघा, नसेल तर आधी तलाठ्याकडं जा. पाणीपुरवठा संस्थेचं पाणी असेल तर संस्थेचा दाखला घ्या. सामाईक गटात भावांचं संमतीपत्र लागतं, आणि ते ऐन वेळी मिळत नाही. नावाचीही गाठ पडते. सातबाऱ्यावर ‘बाळासो’ आणि आधारवर ‘बाळासाहेब’ असेल, तर फार्मर आयडी काढतानाच ते जुळवून घ्या.

निवड झाली की कागद अपलोड करायचे आणि कृषी विभागाच्या पूर्वसंमतीची वाट बघायची. इथंच लोक फसतात. ओळखीचा डीलर म्हणतो, “संच बसवून टाकूया, अनुदान येतंय की.” पूर्वसंमतीच्या आधीच्या तारखेचं बिल चालत नाही आणि सगळा खर्च अंगावर पडतो. पत्र हातात आल्यावरच नोंदणीकृत विक्रेत्याकडून संच घ्या, जीएसटीचं पक्कं बिल स्वतःच्या नावानं करा आणि दिलेल्या मुदतीत अपलोड करा. मग कृषी विभागाची मोका तपासणी होते. त्या दिवशी मोटर चालू ठेवा आणि शेवटच्या लॅटरलपर्यंत, म्हणजे ओळीतल्या ठिबक नळीपर्यंत पाणी पोहोचतंय हे आदल्या दिवशीच बघून ठेवा.