तेरा पत्त्यांची प्रत

जिनिंगच्या काट्यावर कापसाचं वजन कळतं. धागा किती लांब, ओल किती, हे जाणकार मुठीत कापूस घेऊन सांगतो. ब्रिजच्या बोलीतही वजन वेगळं आणि प्रत वेगळी.

गावच्या पारावर मेंढीकोट खेळणाऱ्याला ब्रिज निम्मा आधीच येतो: समोरासमोर भिडू, प्रत्येकी तेरा पत्ते, हुकूम. नवी असते ती बोली. किती हात करणार ते आधी कबूल करायचं. वजनाचं माप सोपं आहे. एक्का ४, राजा ३, राणी २, गुलाम १, सगळ्या गड्डीत ४०. दोघा भिडूंचे मिळून २५-२६ गुण असले की इस्पिक वा बदाम हुकुमात साधारण दहा हात होतात.

आता हे पत्ते बघा: इस्पिक राजा-गुलाम-९-७-५, बदाम राजा-६-२, चौकट एक्का-८-४-३, किलवरची एकटी पंजी. गुण ११. भिडू 'एक किलवर' (सहावर एक, म्हणजे सात हातांची बोली) बोलला तर ती पंजी अडचणच. पण तो 'एक इस्पिक' बोलला, म्हणजे बहुतेक पद्धतींत किमान पाच इस्पिक, तर तीच पंजी सोन्याची होते: किलवरचा एक हात गेला की पुढचे हुकुमाने कापता येतात. दोघांचे मिळून हुकूम किमान दहा. बाहेरचे तीन ७८ टक्के वेळा २-१ असे फुटतात. इथे दहा हात बोलायलाच हवेत. हुकूम जुळण्याआधीच एकट्या पत्त्याचे जादा गुण धरणं ही नवख्यांची नेहमीची चूक.

बदामाच्या राजाचा भावही बोलीगणिक बदलतो. उजवीकडचा बदाम बोलला तर एक्का बहुधा त्याच्याकडे, आणि तो आपल्याआधी पत्ता टाकतो, राजा वाचतो. डावीकडचा बोलला तर राजा एक्क्याच्या तोंडी.

काठावरच्या पत्त्यांवर किती धाडस करावं, याचंही गणित आहे. सांघिक सामन्यात, व्हल्नरेबल (बक्षीस आणि दंड दोन्ही वाढलेले) असताना, दहा हात निघणार असतील तर चार इस्पिक बोलल्याचे ६२० आणि खाली थांबल्याचे १७०. नऊच निघाले तर बोलणाऱ्याला उणे १००, थांबणाऱ्याला १४०. सांघिक सामन्याच्या गुणतक्त्यात पहिला फरक (४५०) १० गुणांचा आणि दुसरा (२४०) ६ गुणांचा होतो. म्हणून ३८ टक्के शक्यतेलाही बोलावं.

मानसशास्त्रज्ञ नील चार्नेस यांच्या १९७९च्या प्रयोगांत रंगवार लावलेले पत्ते मुरलेल्या खेळाडूंना नवख्यांपेक्षा खूप चांगले आठवले. विस्कटून दाखवले तेव्हा ती आघाडी उरली नाही. अनुभवाने डोळा सुटे पत्ते सोडून जुळण्या वाचायला शिकतो. तो डोळा तयार करायचा तर बोली संपताच, भिडूचे पत्ते दिसण्याआधी, त्याच्याकडे चारही रंगांचे किती पत्ते असतील ते मनात धरा आणि मग ताडून पाहा.