सगळे सारखेच दिसतात?

नाशिकच्या कॉलेज रोडवर मोमोच्या गाडीपाशी उभं राहिलं की कधी ना कधी कानावर पडतं, "यांचे चेहरे सगळे सारखेच, ओळखायचं कसं?" गाडीवाला सिक्कीमचा असो की मणिपूरचा, आपल्या लेखी तो नेपाळीच. बोलणाऱ्याच्या मनात वैर नसतं, त्यामुळे यात काही गैर आहे असं कुणाला वाटतही नाही. वर खुलासा तयार असतो: हे उपजतच असतं हो!

उपजत नसतं. बाळ बोलत नाही, पण नवीन काही दिसलं की ते त्याच्याकडे जास्त वेळ बघतं. एक चेहरा कंटाळा येईपर्यंत दाखवायचा आणि मग त्याच्या शेजारी दुसरा ठेवायचा. बाळ नव्याकडे टक लावून बघू लागलं, तर त्याला फरक कळला. ब्रिटनमधल्या गोऱ्या बाळांवर असे प्रयोग झाले. तीन महिन्यांच्या बाळांना आफ्रिकी, चिनी, मध्यपूर्वेतले आणि गोरे, सगळे चेहरे वेगवेगळे ओळखू आले. नऊ महिन्यांच्या बाळांना फक्त गोरे. रोज जे चेहरे दिसतात त्यांच्यासाठी मेंदू धार लावतो, बाकीची धार बोथट होते.

माझा आवडता प्रयोग यापुढचा आहे. त्यात माकडांचे चेहरे वापरले, कारण ते कुठल्याच बाळाच्या घरात रोज दिसत नाहीत. सहा महिन्यांच्या बाळाला दोन माकडांतला फरक कळतो, नवव्या महिन्यापर्यंत ते कसब जातं. मग संशोधकांनी सहा महिन्यांच्या बाळांच्या आईबाबांना माकडांच्या चित्रांची पुस्तकं दिली. काहींच्या पुस्तकात प्रत्येक माकडाला स्वतंत्र नाव होतं, काहींच्या पुस्तकात सगळ्यांना नुसतं 'माकड'. चित्रं तीच. तीन महिन्यांनी तपासलं, तर नावं ऐकलेल्या बाळांचं कसब टिकलं होतं, 'माकड' ऐकलेल्यांचं गेलं होतं. म्हणजे नुसतं दिसणं पुरत नाही, एकेकाला वेगळं नाव लागतं. आता सोसायटीतल्या प्रत्येक वॉचमनला 'बहादूर' आणि सातपूर-अंबडच्या प्रत्येक उत्तर भारतीय कामगाराला 'भैय्या' म्हणताना घरातलं पोर काय शिकत असेल?

गेलेली धार परत येते. लहानपणी फ्रान्समध्ये दत्तक गेलेल्या कोरियन मुलांना मोठेपणी कोरियन चेहऱ्यांपेक्षा युरोपीय चेहरे जास्त चांगले ओळखता आले. रक्त कोरियनच होतं, रोज दिसणारे चेहरे मात्र युरोपीय.



चेहरा न ओळखणं म्हणजे दुजाभाव नव्हे. दुजाभावाला 'आपले' आणि 'परके' लागतात, आणि तेही फार स्वस्तात तयार होतात. सामाजिक मानसशास्त्रज्ञ हेन्री ताजफेलने १९७० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या शाळकरी मुलांचे क्षुल्लक निमित्ताने दोन गट पाडले आणि त्यांना इतरांमध्ये पैसे वाटायला लावले. स्वतःला काही मिळणार नव्हतं. आपल्या गटाला जास्त रक्कम मिळण्याचा पर्याय समोर असतानाही, अनेकांनी आपल्या गटाला थोडे कमी चालतील पण दुसऱ्याला त्याहून कमी मिळावेत, असा पर्याय निवडला. फ्लॅट महिनोन्‌महिने रिकामा ठेवून भाडं बुडवणारा, पण 'नॉर्थ-ईस्ट'च्या मुलांना नको म्हणणारा घरमालक यापेक्षा वेगळा हिशेब करत नाही.