एव्हरेस्ट परिसरातील ट्रेक: भारतीयांसाठी परवाने, पात्रता आणि कागदपत्रे

नेपाळच्या सोलुखुंबू जिल्ह्यातील खुंबू खोऱ्यात, म्हणजे एव्हरेस्ट, ल्होत्से, नुप्त्से आणि आमा दबलम या शिखरांच्या पायथ्याशी, महाराष्ट्रातून दरवर्षी बरेच ट्रेकर जातात. तरीही तेथील परवान्यांविषयी जी ऐकीव माहिती फिरत असते, ती बहुधा जुनी तरी असते, नाहीतर अन्नपूर्णा भागातले नियम खुंबूला चिकटवलेली तरी असते. प्रत्यक्षात ही प्रक्रिया सोपी असून, अडचण येते ती परवान्यापेक्षा ओळखपत्र आणि विमा यांच्या बाबतीत.

पात्रतेपासून सुरुवात करू. कैलास-मानसरोवर यात्रेसाठी परराष्ट्र मंत्रालयाकडे अर्ज करावा लागतो, १८ ते ७० ही वयोमर्यादा पाळावी लागते, सोडतीत नाव यावे लागते आणि दिल्लीत वैद्यकीय तपासणी द्यावी लागते. खुंबूतील ट्रेकसाठी यांपैकी काहीच नाही. वयाची अट नाही, पूर्वानुभवाचा दाखला नाही, डॉक्टरांचे प्रमाणपत्र कोणी मागत नाही. त्यामुळे २,८६० मीटरवरील लुक्लाहून निघून ५,३६४ मीटरवरील बेस कॅम्पपर्यंत जाण्याची आपली तयारी आहे की नाही, हे ठरवण्याची जबाबदारी सर्वस्वी अर्जदारावर येते. हृदयविकार, दमा किंवा उच्च रक्तदाब असलेल्यांनी निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांचा लेखी सल्ला घेऊन त्याची प्रत सोबत ठेवावी, असे मी आग्रहाने सांगेन. परवान्याला ती लागत नाही, पण फेरिचेच्या दवाखान्यात उपचार घ्यायची वेळ आली तर तिचा उपयोग होतो.

भारतीय नागरिकांना नेपाळचा व्हिसा लागत नाही, हे बहुतेकांना ठाऊक असते. मात्र विमानाने जाताना आधार कार्ड चालत नाही, हे अनेकांना विमानतळावर गेल्यावरच कळते. भारतातून नेपाळला विमानाने जाणाऱ्या प्रौढ व्यक्तीकडे वैध पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचे मतदार ओळखपत्र असावे लागते. १५ वर्षांखालील आणि ६५ वर्षांवरील प्रवाशांना आधार, पॅन कार्ड अशी अन्य छायाचित्र असलेली ओळखपत्रे चालतात, तर १५ ते १८ या वयोगटातील विद्यार्थ्यांसाठी मुख्याध्यापकांनी विहित नमुन्यात दिलेले ओळखपत्रही ग्राह्य धरतात. मतदार ओळखपत्र चालत असले तरी शक्य असेल त्याने पासपोर्टच न्यावा, कारण पुढे प्रत्येक चौकीवर आणि विमा कंपनीकडे त्याचाच क्रमांक विचारला जातो. दुबई किंवा मस्कतहून थेट काठमांडूला उतरणाऱ्या भारतीयांना मात्र पासपोर्टशिवाय गत्यंतर नाही.

परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मराठी मंडळींची बाब वेगळी आहे. ओसीआय कार्ड हे नेपाळच्या दृष्टीने भारतीय नागरिकत्व नव्हे. अशा व्यक्तीला व्हिसा घ्यावा लागतो. तो काठमांडूच्या विमानतळावर उतरल्यावर मिळतो आणि १५ दिवसांसाठी ३०, ३० दिवसांसाठी ५०, तर ९० दिवसांसाठी १२५ अमेरिकी डॉलर भरावे लागतात. म्हणजे पुण्याचा भाऊ आणि न्यू जर्सीची बहीण एकाच गटात चालत असली, तरी परवान्याच्या खिडकीवरही दोघांना वेगवेगळे दर लागतात.

आता प्रत्यक्ष परवाने. खुंबूत दोन परवाने लागतात. पहिला स्थानिक प्रवेश परवाना खुंबू पासांगल्हामू गाउँपालिकेचा असून तो लुक्ला येथेच मिळतो. गाव ओलांडून वाट खाली उतरू लागण्याआधी तो घ्यावा. त्याचे शुल्क पालिका वेळोवेळी बदलत असल्यामुळे निघण्याच्या आठवड्यात चालू दर विचारून घेणे बरे. दुसरा परवाना सगरमाथा राष्ट्रीय उद्यानाचा. हे १,१४८ चौरस किलोमीटरचे उद्यान १९७६ मध्ये स्थापन झाले आणि १९७९ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. त्याचे प्रवेशद्वार मोंजो येथे आहे. परवाना तेथेच किंवा आधी काठमांडूत भृकुटी मंडप येथील नेपाळ पर्यटन मंडळाच्या कार्यालयातही काढता येतो. सार्क देशांच्या नागरिकांना १,५०० नेपाळी रुपये आणि इतर परदेशी नागरिकांना ३,००० नेपाळी रुपये शुल्क असून त्यावर १३ टक्के मूल्यवर्धित कर लागतो. म्हणजे भारतीयाला १,६९५ नेपाळी रुपये पडतात. शंभर भारतीय रुपयांना एकशे साठ नेपाळी या ठरलेल्या दराने हिशेब केला तर सुमारे १,०६० रुपये.

मोंजोच्या खिडकीवर एक छोटा अर्ज भरायचा असतो: नाव, राष्ट्रीयत्व, ओळखपत्राचा क्रमांक, जाण्याचा मार्ग. ओळखपत्र दाखवले नाही तर सार्कचा दर मिळत नाही. म्हणून गटाचे पासपोर्ट पाठीमागून येणाऱ्या पोर्टरच्या डफल बॅगेत कोंबून ठेवू नयेत. पैसे नेपाळी चलनात रोख न्यावेत. मिळालेली पावती उतरतानाही तपासली जाते, तेव्हा ती भिजणार नाही अशा पिशवीत जपून ठेवावी.

टिम्स कार्ड, म्हणजे ट्रेकरांच्या नोंदणीचे कार्ड, हा सर्वांत गोंधळाचा विषय आहे. अन्नपूर्णा आणि लांगटांग भागांत ते मागतात. खुंबूत त्याची जागा पालिकेच्या परवान्याने घेतली आहे. तीच गोष्ट गाइडच्या सक्तीची. नेपाळ पर्यटन मंडळाने १ एप्रिल २०२३ पासून परदेशी ट्रेकरांना गाइड घेणे बंधनकारक केले, परंतु खुंबूच्या पालिकेने तो नियम आपल्या हद्दीत राबवला नाही. तथापि बेस कॅम्पच्या मळलेल्या वाटेपुरतेच हे स्वातंत्र्य वापरावे. कोंगमा ला, चो ला आणि रेंजो ला या तीन खिंडींचा ट्रेक करणाऱ्यांनी गाइड घ्यावाच. चो ला ओलांडताना हिमनदीच्या उघड्या बर्फावरून चालावे लागते, आणि गोक्योला पोहोचण्यापूर्वीची न्गोझुम्पा ही नेपाळमधील सर्वांत लांब हिमनदी दगडमातीने इतकी झाकलेली आहे की तिच्यावरची वाट दर हंगामात सरकते. मागच्या वर्षीचा जीपीएस ट्रॅक तेथे भरवशाचा नसतो.

लुक्लाचे विमान न घेता जिरीहून चालत येणाऱ्यांना गौरीशंकर संरक्षण क्षेत्राचा वेगळा परवाना घ्यावा लागतो. बेस कॅम्पला जाण्यासाठी गिर्यारोहणाचा परवाना नको. मात्र आयलंड पीक (६,१८९ मीटर) किंवा लोबुचे ईस्ट (६,११९ मीटर) चढायचे असेल तर नेपाळ पर्वतारोहण संघाचा शिखर-परवाना लागतो आणि तो नोंदणीकृत एजन्सीमार्फतच काढावा लागतो.

ड्रोन न्यायचा असल्यास नेपाळच्या नागरी उड्डाण प्राधिकरणाची आणि उद्यानाची, अशा दोन्ही परवानग्या हव्यात. उपग्रहाद्वारे संदेश पाठवणारी उपकरणे तर भारतातून नेऊच नयेत: दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय ती बाळगणे भारतात गुन्हा आहे, आणि डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर एका कॅनेडियन धावपटूला अशाच उपकरणावरून ताब्यात घेण्यात आले होते.

शेवटचे कागदपत्र कोणतीही चौकी मागत नाही: विमा. साध्या परदेश प्रवास विम्यात ठरावीक उंचीच्या वरचे ट्रेकिंग बहुधा वगळलेले असते. पॉलिसीच्या अपवादांच्या यादीत उंचीची मर्यादा शोधावी, ती किमान ६,००० मीटर असावी आणि हेलिकॉप्टरने सुटकेचा खर्च शब्दशः नमूद केलेला असावा. पैशांची हमी मिळाल्याशिवाय हेलिकॉप्टर उडत नाही. म्हणून विमा कंपनीचा चोवीस तासांचा क्रमांक आणि पॉलिसी क्रमांक कागदावर लिहून एक प्रत गाइडकडे द्यावी. सौम्य डोकेदुखीवरही हेलिकॉप्टर बोलावून विमा कंपन्यांना फुगवलेली बिले लावण्याचे प्रकार उघड झाल्यावर २०१८ मध्ये नेपाळ सरकारने चौकशी केली होती. तेव्हापासून कंपन्या अशा दाव्यांची कसून छाननी करतात. प्रकृती अगदीच गंभीर नसेल, तर आधी कंपनीशी बोलून संमतीचा संदर्भ क्रमांक लिहून घ्यावा आणि मगच हेलिकॉप्टरला होकार द्यावा.