फायबर-रेडिओ संयुक्त ब्रॉडबँड जाळे

ऑपरेटरच्या केंद्रापासून वस्तीपर्यंत ऑप्टिकल फायबर आणि शेवटचा टप्पा रेडिओने, अशी रचना असलेले इंटरनेटचे जाळे. ठाण्यातल्या घोडबंदर रोडवरच्या संकुलांत जिन्याच्या डक्टमधून फायबर थेट घरात जाते, तिथे रेडिओची गरज नसते. गरज पडते ती येऊरसारख्या वनहद्दीत, जिथे खोदाईला वनखात्याची परवानगी लागते. नवी मुंबईतल्या गावठाणांच्या अरुंद गल्ल्यांत. आणि खाडीपलीकडच्या जागी.

फायबरचा भाग बहुधा जीपॉन पद्धतीचा असतो, म्हणजे एकच फायबर अनेक घरांत वाटला जातो. केंद्रातल्या ओएलटीच्या (फायबरमध्ये प्रकाश सोडणाऱ्या यंत्राच्या) एका पोर्टवर खाली, म्हणजे घराकडे, २.४८८ आणि वर, म्हणजे केंद्राकडे, १.२४४ गिगाबिट प्रतिसेकंद क्षमता मिळते, आणि ती स्प्लिटरमधून (प्रकाश वाटणाऱ्या जोडातून) ३२ किंवा ६४ जोडण्यांत वाटली जाते. खाली येणारा प्रकाश १४९० नॅनोमीटरचा, वर जाणारा १३१० चा. स्प्लिटरला वीज लागत नाही, हा मोठा फायदा. पण प्रत्येक वाटणीत प्रकाश घटतो आणि त्याचा हिशोब आधीच मांडावा लागतो. ओएलटीतून +३ डीबीएम (प्रकाशाच्या ताकदीचे माप) निघाले असे धरू. १:४ च्या स्प्लिटरमध्ये सुमारे ७, १:८ मध्ये साडेदहा, सहा किलोमीटर तारेत दीड, जोड आणि कनेक्टरमध्ये दोन डेसिबल जातात. ओएनटीवर, म्हणजे ग्राहकाकडच्या फायबरच्या पेटीवर, साधारण −१८ उरतात. −२७ च्या खाली ओएनटीचा लाल दिवा लागतो, म्हणजे नऊ डेसिबलची गंगाजळी. ती आधीच संपली असेल, तर कपाटामागे चेपलेली छोटी फायबर तार (पॅच कॉर्ड) सुद्धा लाइन बंद पाडते. हिरव्या कनेक्टरचे टोक आठ अंशांत तिरपे घासलेले असते, निळ्याचे नसते. दोन्ही एकमेकांत खोचली की मध्ये हवेची फट राहते, काही डेसिबल तिथेच जातात आणि प्रकाश मागे परततो.

रेडिओ टप्प्यात अँटेना समोर दिसणे पुरेसे नाही. ५.८ गिगाहर्ट्झवर दोन किलोमीटरच्या दुव्यात मध्यभागी फ्रेनेल क्षेत्राची (थेट रेषेभोवतीच्या, रेडिओ लहरीला लागणाऱ्या लंबगोल जागेची) त्रिज्या सुमारे पाच मीटर असते. तिचा निदान ६० टक्के भाग, म्हणजे तीन मीटर, मोकळा हवा. उन्हाळ्यात चाललेला दुवा पावसाळ्यात झाडे पालवली की मंदावतो तो यामुळेच. या फ्रिक्वेन्सीला पाऊस फारसा अडवत नाही. ८० गिगाहर्ट्झच्या ई-बँडला मात्र अडवतो: मुसळधार सरीत दर किलोमीटरला दहा डेसिबलहून अधिक घट होते. कोकणपट्टीत ई-बँडचा लांब दुवा एकट्याच्या भरवशावर ठेवू नये.

ठाणे खाडीवरून जाणाऱ्या दुव्याचा दोष वेगळा. पाण्यावरून परावर्तित झालेला किरण थेट किरणात मिसळतो आणि भरती-ओहोटीने पाण्याची पातळी काही मीटर हलत असल्याने दोन्ही किरण कधी एकमेकांना पूरक होतात, कधी खोडतात. लिंक ठरावीक वेळाने पडते आणि ती वेळ दररोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. अशी नोंद दिसली की रेडिओ बदलण्याआधी भरतीचे कोष्टक पाहावे. अँटेना गच्चीच्या कडेपासून मागे घेऊन कठड्याने पाण्याकडचा किरण अडवणे, किंवा वेगळ्या उंचीवर दुसरी अँटेना लावणे, हे उपाय लागू पडतात.

दोन्ही माध्यमे सांधण्याचे दोन मार्ग आहेत. एकात रेडिओ सिग्नल फायबरवरूनच वाहतो आणि टोकाला फक्त अँटेना राहते. फायबरमध्ये दर किलोमीटरला ५ मायक्रोसेकंद लागतात. वाय-फायचे उपकरण पोचपावतीची फार वाट पाहत नसल्याने तार लांबली की ते पाकीट हरवले समजून पुन्हा पाठवते. म्हणून दुसरा मार्ग अधिक चालतो: ओएनटीशी फायबरचा प्रवास संपतो, तिथून इथरनेटने रेडिओ जोडतात, आणि दोन्हीकडची वेळेची शिस्त वेगळी राहते.

प्रत्यक्षात बिघाड बहुतेक याच सांध्यावर होतात. गच्चीवरच्या पेटीत ओएनटी आणि पीओई ॲडॉप्टर (इथरनेट तारेतूनच रेडिओला वीज देणारा) एकाच बॅटरीवर असावेत; नाहीतर वीज गेली की रेडिओ चालू दिसतो आणि मागे इंटरनेट नसते. ॲडॉप्टर २४ की ४८ व्होल्टचा, हे रेडिओवर वाचूनच जोडावा. इथरनेट तार शंभर मीटरच्या आत, बाहेरच्या वापराची असावी, आणि पेटीत शिरण्यापूर्वी खाली झोळ द्यावा म्हणजे पाणी तिथेच गळेल. खारट हवेत आरजे-४५ ची (इथरनेट तारेच्या प्लगची) टोके हिरवी पडतात. पावसाळ्यापूर्वी ती कापून नवी बसवावीत.

तक्रार आली की आधी ओएनटीवरचे डीबीएम पाहावे, मग रेडिओच्या दोन्ही टोकांचे सिग्नल. पहिला आकडा नेहमीसारखा असेल तर फायबरवाल्याला बोलावण्यात दिवस घालवू नये.