कॉम्प्युटरमधला हिशेब आणि व्हायरस : आमच्या ग्राहकांसाठी माहिती

दुकानाचा कॉम्प्युटर जुना झाला तर नवा घेता येतो. त्यातली पाच वर्षांची टॅली, उधारीची खाती आणि जीएसटीची बिलं मात्र जळगावच्या कुठल्याच दुकानात विकत मिळत नाहीत. जपायचं आहे ते हेच.

‘व्हायरस लागला’ असं आपण सरसकट म्हणतो, पण प्रकार वेगवेगळे आहेत. व्हायरस दुसऱ्या फाइलला चिकटून पसरतो. वर्म नेटवर्कमधून आपणहून पुढच्या कॉम्प्युटरवर जातो. ट्रोजन कामाच्या सॉफ्टवेअरचं सोंग घेतो आणि तो आपणच इन्स्टॉल करतो. रॅन्समवेअर फाइलींना कुलूप लावून खंडणी मागतं.

पेन ड्राइव्हमध्ये फक्त शॉर्टकट दिसतात

सीएच्या ऑफिसातून किंवा झेरॉक्सच्या दुकानातून आलेल्या पेन ड्राइव्हमध्ये ही तक्रार नेहमीची. डेटा बहुतेक वेळा गेलेला नसतो, लपवलेला असतो. त्या शॉर्टकटवर डबल क्लिक केलं की व्हायरस कॉम्प्युटरमध्ये शिरतो, म्हणून ते उघडू नका आणि घाईने फॉरमॅटही करू नका. आधी कॉम्प्युटर साफ करा, नाहीतर साफ केलेला पेन ड्राइव्ह पुन्हा बाधित होतो. ‘विंडोज सिक्युरिटी’त ‘स्कॅन ऑप्शन्स’मध्ये डिफेंडरचा, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या अँटीव्हायरसचा, ‘ऑफलाइन स्कॅन’ आहे. कॉम्प्युटर रीस्टार्ट होऊन साधारण १५ मिनिटं लागतात.

नंतर पेन ड्राइव्ह लावून त्यावर राइट क्लिक करून तोही स्कॅन करा. मग फोल्डर ऑप्शन्सच्या ‘व्ह्यू’ टॅबवर लपलेल्या फाइली दाखवण्याचा पर्याय निवडा आणि ‘हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टीम फाइल्स’ची टिक काढा. मूळ फोल्डर फिकट रंगात दिसतील, कधीकधी बिननावाच्या एका फोल्डरच्या पोटात. ते कॉपी करून घ्या, मग पेन ड्राइव्ह फॉरमॅट करा आणि टिक परत लावा. त्याच टॅबवर ‘हाइड एक्स्टेन्शन्स’ची टिक मात्र कायमची काढून ठेवा. म्हणजे बिलाच्या नावामागे लपलेलं ‘ईएक्सई’ दिसेल, आणि ते बिल नसून प्रोग्रॅम आहे हे कळेल.

रॅन्समवेअर

आमच्या मते दुकानदाराला सगळ्यात मोठा धोका हाच. तो मुख्यतः दोन वाटांनी येतो. एक म्हणजे फुकटचं क्रॅक, म्हणजे लायसन्सचं कुलूप तोडलेलं, सॉफ्टवेअर. ‘इन्स्टॉल करताना अँटीव्हायरस बंद करा’ अशी सूचना दिसली की तिथेच थांबा. दुसरी वाट म्हणजे घरून टॅली पाहता यावी म्हणून राउटरवर उघडा ठेवलेला रिमोट डेस्कटॉपचा (लांबून कॉम्प्युटर चालवण्याच्या सोयीचा) ३३८९ क्रमांकाचा पोर्ट, म्हणजे इंटरनेटवरून आत येण्याचं दार. असे पोर्ट शोधणारे प्रोग्रॅम रात्रंदिवस पासवर्ड लावून पाहत असतात. तो बंद करून घ्या.

अपडेटही टाळू नका. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ हा रॅन्समवेअर जगभर पसरला, तेव्हा त्याची वाट बंद करणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेला होता. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे, तेव्हा अशा कॉम्प्युटरवर नेट चालू असेल तर बदलाचा विचार लवकर करा.

बॅकअपसाठी दोन एक्स्टर्नल हार्ड डिस्क घ्या. एक सोमवारी, दुसरी गुरुवारी. बॅकअप झाला की केबल काढा आणि एक डिस्क घरी ठेवा. कायम लावून ठेवलेल्या डिस्कलाही रॅन्समवेअर कुलूप लावतं; त्याच्या लेखी ती नुसती आणखी एक ड्राइव्ह. महिन्यातून एकदा बॅकअप दुसऱ्या कॉम्प्युटरवर रिस्टोअर करून पाहा. केळीच्या किंवा कापसाच्या हंगामात तर रोज बॅकअप घ्या.

फाइलींची नावं बदललेली आणि खंडणीची चिठ्ठी दिसली, तर आधी लॅन (नेटवर्कची) केबल काढा आणि वायफाय बंद करा. चिठ्ठीचा फोटो घ्या. बॅकअप डिस्क चुकूनही लावू नका. पैसे भरूनही फाइली उघडतीलच असं नाही. कुलूप लागलेल्या फाइली पुसू नका, कारण काही प्रकारांची किल्ली ‘नो मोअर रॅन्सम’ या संकेतस्थळावर मोफत मिळते, काहींची पुढे येऊ शकते.

मोबाइलवर आलेली लग्नपत्रिका

पत्रिका फोटो, पीडीएफ किंवा व्हिडिओ असते. नावाच्या शेवटी ‘एपीके’ असेल तर ते ॲप आहे, मग ते मामांच्या नंबरवरून आलेलं का असेना. त्यांचाही मोबाइल आधीच बाधित असू शकतो. पीएम किसान आणि ई-चलानच्या नावाने येणाऱ्या एपीकेंचंही तेच. इन्स्टॉल केल्यावर ते एसएमएस वाचण्याची परवानगी मागतं आणि ओटीपी परस्पर चोरांकडे जातो. चुकून इन्स्टॉल झालंच, तर मोबाइल एरोप्लेन मोडवर टाका, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खातं थांबवा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करा. जितक्या लवकर कराल तितकी रक्कम अडण्याची शक्यता जास्त.

बाधित कॉम्प्युटर आमच्याकडे आणताना बॅकअपची डिस्क घरीच ठेवा. विंडोज नव्याने टाकून झाल्यावर आम्ही ती मागवू.